किमो चालू असताना माणसांत राहायचं कसं? (भेटी, फोन, समारंभ)

निशिगंध
कॅन्सरच्या औषधांचं डॉक्टर सांगतात, आहाराचा कागद हातात मिळतो, विम्याचं कुणीतरी समजावून देतं. सहा-आठ महिने माणसांशी संबंध कसा ठेवायचा याचा कागद मात्र कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. एकतर दार सताड उघडं: रोज संध्याकाळी चार जण, चहाची आधणं, आणि तोच इतिहास पुन्हा पहिल्यापासून. नाहीतर "इन्फेक्शन होईल" म्हणून सरसकट बंदी, आणि तिसऱ्या महिन्यात माणूस घरातल्या घरात गप्प.

मला मधलं हवंय आणि तपशिलात हवंय. कधी भेटायचं, किती वेळ, फोन कुणी घ्यायचे, लग्नाला जायचं का, खाता-बोलताना अडचण असेल तर काय करायचं. "सकारात्मक राहा" छाप प्रतिसाद नकोत. अनुभव असेल तर त्यातलं इतरांना वापरता येईल तेवढंच लिहा, ही विनंती.

रिकामटेकडा
जागा धरून ठेवतो. शहाळ्यांचा विषय कुणीतरी काढाच.

वॉर्डातली_ताई
किमो तीन आठवड्यांच्या चक्राने असेल तर भेटीही त्याच चक्रावर बसवायच्या. कॅलेंडर घ्या. किमोचा दिवस तो पहिला दिवस.

पहिले दोन-तीन दिवस फसवे. उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड. त्याने चेहरा लाल, झोप गायब, बोलायला मात्र भलता हुरूप. नातेवाईक म्हणतात, "याला तर काहीच झालं नाही!" आणि रविवारी सगळ्यांनी यायचं ठरतं. स्टेरॉइड उतरलं की तोच माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी उशीवरून मान उचलत नाही. म्हणून त्या हुरुपात पुढच्या आठवड्याचा शब्द कुणालाही द्यायचा नाही.

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. तेव्हा गर्दी नको, एका वेळी एकच जण चालेल. आल्याआल्या साबणाने हात धुवायचे, मास्क लावायचा, खिडकी उघडी ठेवायची. गॅलरीत किंवा अंगणात बसलात तर आणखी बरं. ज्याच्या घरात कुणाला सर्दी, ताप, कांजिण्या किंवा नागीण आहे त्याने स्वतः ठणठणीत असला तरी यायचं नाही. पुष्पगुच्छ आणि कुंड्याही नकोत, फुलदाणीच्या पाण्यात आणि मातीत जंतू असतात.

पंधराव्या दिवसापासून पुढच्या किमोपर्यंत पेशी वर येतात, तोंडही बऱ्यापैकी बरं झालेलं असतं. बहिणीकडे जेवण, देऊळ, नाटक, ऑफिसात चक्कर हे सगळं इथे बसवा. शेवटचा एखादा दिवस रक्ततपासणीत जातो तो धरून चाला.

एक नियम मोडायचा नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर दिसला की घरात पाहुणे असोत, पंगत मांडलेली असो, आधी रुग्णालयाला फोन. पॅरासिटामॉल घेऊन बघू असं करू नका. ताप झाकला जातो आणि आतला संसर्ग तसाच वाढतो. बाहेर जाताना थर्मामीटर पिशवीत हवा.

घाटावरचा
वेळापत्रक उत्तम, पण सगळ्यांना लागू नाही. पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला घेणाऱ्याला असा मोकळा तिसरा आठवडा मिळत नाही. आठवड्यातले दोन बरे दिवस कोणते, हे पहिल्या तीन-चार खेपांत वहीत नोंद करून शोधावं लागतं. इमॅटिनिबसारख्या रोजच्या गोळ्यांना चक्रच नसतं. त्रास थोडा पण रोजचा, वरून केस शाबूत, त्यामुळे लोकांना वाटतं हा ठीकच आहे.

रेडिएशनचं आणखी वेगळं. सोमवार ते शुक्रवार रोज, कित्येक आठवडे. थकवा साठत जातो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे जात नाही. लोक नेमक्या त्याच आठवड्यात "सुटलास एकदाचा" म्हणून पार्टी ठेवतात. महिनाभर थांबा की राव.

वॉर्डातली_ताई
@घाटावरचा, मान्य. त्यात ऑक्सॅलिप्लॅटिनची भर घाला, आतड्याच्या कॅन्सरला बरेचदा देतात. ते घेतल्यावर पहिले चार-पाच दिवस गार काही चालत नाही. गार पाणी प्यायलं तर घशात आवळल्यासारखं होऊन श्वास अडकल्यागत वाटतं, फ्रिजमध्ये हात घातला तर बोटांत मुंग्या येतात. पाहुणे गेलेल्या घरी हातात थंडगार सरबत येणारच, तेव्हा आधीच सांगून ठेवा. यजमानांना वाईट वाटत नाही, त्यांना फक्त माहीत नसतं.

आडगावचा_शहाणा
रेडिएशन घेणाऱ्याजवळ लहान मुलं नेऊ नयेत ना? आणि ताट-वाटी वेगळी ठेवलेली बरी. उगाच जोखीम कशाला.

क्ष_किरण
@आडगावचा_शहाणा, नावाला जागलात (हलकेच घ्या). सरळ उत्तर देतो, कारण या एका गैरसमजावर अख्खी कुटुंबं तुटतात.

कॅन्सर संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवा, एका पांघरुणात झोपा. बाहेरून यंत्राने देतात ते रेडिएशन यंत्र बंद झालं की संपतं, माणसाच्या अंगात काहीही उरत नाही. नात घरी मांडीवर बसली तरी चालेल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आतून थोडा वेळ किरणोत्सर्गी स्रोत ठेवून काढून घेतात, तिथेही स्रोत काढला की विषय संपला.

अपवाद ठरलेले आहेत. थायरॉइडच्या कॅन्सरला रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन देतात. त्यानंतर काही दिवस गरोदर बाई आणि लहान मुलांपासून अंतर राखायचं, वेगळं झोपायचं. किती दिवस ते डोसवर ठरतं आणि रुग्णालय लेखी देतं. तो कागद फ्रिजवर चिकटवा म्हणजे रोज वाद नाही. दुसरा अपवाद पेट स्कॅन. त्यात टोचतात त्या किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) सुमारे ११० मिनिटं, म्हणून त्या दिवशी काही तास बाळांना आणि गरोदर बायकांना जवळ घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी मोकळे.

किमोनंतर साधारण ४८ तास लघवी, शौच, उलटी यांतून औषध बाहेर पडतं. साफ करणाऱ्याने हातमोजे घालायचे, झाकण लावून दोनदा फ्लश करायचं, खराब झालेले कपडे वेगळे धुवायचे. ताट-वाटीचा त्याच्याशी संबंध नाही.

आडगावचा_शहाणा
धन्यवाद. आईला हा प्रतिसाद वाचून दाखवला. ताट परत मांडणीवर गेलं.

मधुमालती
आता फोन. उपचार सुरू झाल्यापासून पहिले पंधरा दिवस फोनच माणसाला थकवतात, कारण प्रत्येकाला गोष्ट पहिल्यापासून हवी असते. उपाय असा: घरातला किंवा मित्रांतला एक जण "खबऱ्या" नेमायचा. शक्यतो जोडीदार नको, त्याला आधीच पुरेसं काम असतं. भाचा, मेहुणी, शेजारी कुणीही. बातमी त्यानेच द्यायची आणि दर किमोनंतर एकदाच.

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढू नका, ब्रॉडकास्ट लिस्ट करा. ग्रुपमध्ये एकाने हात जोडले की चाळीस जण हात जोडतात. ब्रॉडकास्टमध्ये निरोप सुटा जातो आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं. खुबी एवढीच की ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यालाच तो पोचतो. निम्म्या मावश्यांकडे नसतो, मग "आम्हाला कळवलंच नाही" सुरू होतं. म्हणून आधी प्रत्येकाला एक सुटा निरोप पाठवून नंबर सेव्ह करायला सांगा. ग्रुप करायचाच असेल तर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा.

रुग्णाच्या फोनवर रीड रिसीट बंद करा. निळ्या टिका दिसल्या की "वाचलं तरी उत्तर नाही" असं होतं. ग्रुपमध्ये मात्र ती सोय चालत नाही, तिथे वाचलेलं दिसतंच. लास्ट सीन पण झाका. रात्री तीनला जागं असल्याचं दिसलं की सकाळी सात फोन.

भाऊसाहेब_सातारकर
हे ब्रॉडकास्ट वगैरे मला पटत नाही. आजारी माणसाची खबर खबऱ्याकडून घ्यायची म्हणजे संबंध कसला राहिला? आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य मानतात. दोन मिनिटं आवाज ऐकला की बरं वाटतं, दोघांनाही.

मधुमालती
@भाऊसाहेब, बातमी आणि गप्पा वेगळ्या काढल्या की तुमचं म्हणणं साधतं. रिपोर्ट काय आला, पुढची किमो कधी, हे खबऱ्या सांगणार. मग तुमच्या दोन मिनिटांत तुम्ही साताऱ्यात पाऊस किती झाला ते बोलायचं. सगळ्यांनी सगळ्या फोनवर रिपोर्टच विचारला तर त्या माणसाकडे आजाराशिवाय बोलायला काही उरतच नाही.

भाऊसाहेब_सातारकर
हे पटलं. पण मग फोन कुठल्या वेळी करावा, हेही त्या खबऱ्याने सांगावं.

दूरदेशी
वेळेवरून: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे ९ म्हणजे भारतात सकाळचे ६.३० (उन्हाळ्यात) किंवा ७.३० (हिवाळ्यात). किमो चालू असलेल्यांना बहुधा सकाळ बरी जाते, संध्याकाळी थकवा येतो. तेव्हा परदेशातल्या मुलांनी आपली सकाळ गाठून तिकडची संध्याकाळ खाण्यापेक्षा आपली रात्र वापरावी. वार ठरलेले असू देत, रोज नको. आणि फोनवर मुलाखत घेऊ नका. व्हिडिओ लावून शब्दकोडं सोडवा, आईला आमटीची कृती विचारून तिच्यासमोर करा, किंवा दोघं आपापली कामं करत बसा. बोललंच पाहिजे असं नाही.

किमोने काहींचं लक्ष टिकत नाही, नावं आठवत नाहीत. त्यांना आठ जणांचा व्हिडिओ कॉल म्हणजे शिक्षा. एकास एक बोला. बोटं बधिर झालेल्यांना टाइप करणं जड जातं, तिथे व्हॉइस मेसेज, तोही मिनिटभराचा.

रिकामटेकडा
आणि शहाळी?

कुंदा_निपाणीकर
येते, येते. भेटीला जाताना काय न्यावं याचीच यादी करत होते.

शहाळं वाईट नाही, पण दहा जणांची दहा कोण पिणार? शिवाय त्यात पोटॅशियम भरपूर, किडनीला त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. फोडलेलं शहाळं तर आणूच नका. कापलेली फळं, उसाचा रस, पाणीपुरी बाद. किमोनंतर पाचव्या दिवसापासून आठवडाभर तोंड सोलपटलेलं असू शकतं, तेव्हा तिखट, आंबट, कुरकुरीत काही नको: चिवडा, चकली, लिंबाचं लोणचं, टोमॅटोचं सार. मऊ खिचडी, दुधातल्या शेवया, केळं घालून शिरा, मुगाचं पातळ वरण हे जातं. डबा न्यायचा तर लहान न्या. मोठा डबा बघूनच भूक मरते. झाकणावर चिकटपट्टी लावून लिहा: काय आहे, कधी केलंय, तिखट आहे का. डबा परत द्यायची अपेक्षा नाही हेही लिहा, नाहीतर त्या बाईच्या डोक्याला डब्यांचा हिशेब.

फोडणीच्या वासाने मळमळतं, म्हणून तिच्या स्वयंपाकघरात जाऊन करून देण्यापेक्षा घरून करून न्या. अत्तर, गजरा, अगरबत्ती टाळा.

वीस मिनिटं झाली की उठा. "बस ना अजून" म्हटलं तरी उठा, ते आपल्याकडे म्हणावंच लागतं.

बोरूबहाद्दर
कुंदाताई, दंडवत. "काही लागलं तर सांग" या वाक्यावरही बंदी आणा. कुणीही सांगत नाही. त्यापेक्षा "मंगळवारी चार वाजता रेडिएशनला मी सोबत येतो, गाडी आणतो" म्हणा. त्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. "सिलिंडर बुक करतो", "मुलाचा शनिवारचा क्लास माझ्याकडे", "पासबुक भरून आणतो" अशी ठरलेली कामं घ्या. जो काम घेतो तो येत राहतो. नुसता चौकशीला येणारा तिसऱ्या खेपेनंतर थांबतो, कारण त्यालाही काय बोलावं सुचत नाही.

आणि स्वतःच्या कटकटी सांगणं बंद करू नका. "तुला एवढं मोठं झालंय, माझं काय सांगू" असं करत करत मित्र पार लांब जातात. सोसायटीचं पाणी, साहेबाचा चक्रमपणा, सगळं सांगा.

तात्या_विंचूरकर
ते ठीक, पण गव्हांकुराचा रस कुणी सुचवला नाही? साखर बंद केली की गाठ आपोआप...

संपादक
विंचूरकर, उपचारांचे दावे या धाग्यावर नकोत. पुढचा प्रतिसाद उडवला जाईल.

निशिगंध
तात्यांमुळे आठवलं. असले सल्ले दिवसातून पाच येतात. नातं न तोडता कसे टाळायचे?

मधुमालती
ठरलेलं उत्तर खबऱ्याकडे ठेवा: "डॉक्टरांनी त्यांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही असं सांगितलंय, पुढच्या भेटीत विचारतो." वाद घालू नका, दुवा उघडू नका. आणि खरंच विचारा, कारण हळदीच्या कॅप्सूल किंवा काढे औषधांच्या कामात अडथळा आणू शकतात. भाजीतली हळद त्यात नाही.

संध्याछाया
एका गोष्टीवर कुणी लिहिलं नाही. आपल्याकडे निम्म्या घरांत रुग्णालाच आजार सांगितलेला नसतो. "त्यांना फक्त गाठ आहे असं सांगितलंय, तुम्ही बोलू नका" हे दारातच बजावतात. मग पाहुणे हवापाण्यावर बोलून उठतात. रुग्णाला बहुतेक वेळा अंदाज असतोच. किमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा सगळं सांगतो. तोही घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प बसतो. इतकी माणसं भोवती असून इतका एकटेपणा दुसऱ्या कशाने येत नाही.

भाऊसाहेब_सातारकर
पुन्हा असहमत. वयस्कर माणूस नाव ऐकून हाय खातो. सगळ्यांना सगळं सांगायलाच हवं ही शहरी घाई आहे.

संध्याछाया
सगळं सांगा असं मी म्हणत नाही. त्यांना विचारा म्हणते. साधा प्रश्न: "रिपोर्टबद्दल डॉक्टरांनी तुमच्याशी बोलावं की मुलाशी बोललं तर चालेल?" काही जण "मुलाशी बोला" म्हणतात. मग तो त्यांचा निर्णय झाला. काही जण खुर्ची पुढे ओढतात. हा प्रश्न डॉक्टरांनी रुग्णाला एकट्याला विचारलेला बरा, कारण सहा नातेवाईक डोळे वटारून उभे असताना कुणी खरं बोलत नाही. आणि रुग्णाने स्वतः सरळ विचारलं तर खोटं सांगू नका. "तुम्हाला काय वाटतंय?" असं उलट विचारून तिथून सुरुवात करा. पॅलिएटिव्ह केअरवाले (त्रास कमी करणारी, आधार देणारी सेवा) यात तरबेज असतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, मोफत. अशी केंद्रं फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतात हा समज खोडून काढायला हवा. उपचार चालू असतानाही जाता येतं.

भाऊसाहेब_सातारकर
विचारायला हरकत नाही. एवढं मान्य.

वाचा_उपचार
तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरबद्दल लिहिते, कारण तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे हे रुग्ण खूप आहेत आणि माणसांतून सर्वांत आधी हेच बाजूला पडतात. आपला सगळा सामाजिक व्यवहार खाण्यावर आणि बोलण्यावर.

जबडा किंवा जिभेचा भाग काढला असेल तर जेवणाला तास लागू शकतो. पंगतीत वाढपी तिसऱ्यांदा येतो तोवर यांचा पहिला घास चालू असतो. म्हणून घरून जेवून जायचं आणि समारंभात चार चमचे काहीतरी ओलं घ्यायचं: बासुंदी, आमरस, कुस्करलेला वरणभात. स्वतःचा अरुंद, उथळ चमचा खिशात. तोंड कमी उघडत असेल तर मोठा चमचा आत जात नाही. ओठाच्या कडेने ओघळ येत असेल तर रुमाल गडद रंगाचा. बसायला भिंतीकडची, टोकाची खुर्ची. रेडिएशननंतर लाळ आटते, लाडू आणि शेव घशात चिकटतात, बोलतानाही घोट-घोट पाणी लागतं. बाटली हातात ठेवा. तोंड उघडण्याचे व्यायाम दिवसातून अनेक वेळा करायचे असतात. सोडले तर काही महिन्यांत तोंड आणखी मिटत जातं आणि मग चार चमच्यांचाही प्रश्न येतो.

स्वरयंत्र पूर्ण काढलं असेल तर श्वास गळ्यावरच्या छिद्रातून चालतो. बोलायचे तीन मार्ग: गळ्याला लावायचं बॅटरीचं यंत्र, श्वासनलिका-अन्ननलिकेत बसवलेली झडप, किंवा अन्ननलिकेतून आवाज काढायला शिकणं. कशानेही ओरडून बोलता येत नाही, हे लक्षात घ्या. बँड वाजत असताना त्यांच्याशी बोलू नका, हॉलबाहेर या. यंत्र वापरणाऱ्याने फोन तोंडापुढे धरावा, गळ्याजवळ धरला तर समोरच्याला नुसती घरघर ऐकू येते. व्हिडिओ कॉल जास्त सोपा, ओठ दिसतात. वाक्य त्यांचं त्यांना पुरं करू द्या. झडपेतून पाणी पिताना गळती आणि ठसका सुरू झाला तर ती बदलायला आली असं समजून दाखवायला जा, समारंभ उरकून नव्हे.

अँड्रॉइड फोनमध्ये लिहिलेलं मराठीत वाचून दाखवायची सोय असते. "दहा मिनिटांत निघतो", "पाणी हवंय", "बरा आहे" अशी पाच-सहा वाक्यं आधीच टाइप करून ठेवा.

धूर, धूळ, रंग थेट फुप्फुसात जातात. होम, फटाके, धुळवड यांपासून लांब, छिद्रावर सुती कापड, पोहणं बंद. आणि पाकिटात एक चिठ्ठी: "मी गळ्यातून श्वास घेतो. प्राणवायू गळ्यावर द्या." घाईत लोक मास्क नाकावर लावतात.

रिकामटेकडा
हा एकच प्रतिसाद छापून वाटायला हवा. शहाळ्यांचा नाद सोडला.

घाटावरचा
समारंभांवरून: लग्नापेक्षा केळवणाला बोलवा. घरात दहा माणसं, वेळ आपल्या हातात, गरम ताजं जेवण. लग्नाला जायचंच तर मुहूर्ताच्या गर्दीआधी तासभर जाऊन वधू-वराला भेटून निघा. खायला समोर वाफाळलेलं असेल तेच. कोशिंबीर, चटणी, बर्फ घातलेलं काही नको. गणपतीत उकडीचा मोदक गरम असेल तर खुशाल खा, तीर्थ आणि कापलेल्या फळांचा प्रसाद हातात घेऊन शेजाऱ्याला द्या. मिठी मारायला येणाऱ्याला दुरूनच नमस्कार. नमस्काराची सवय आपल्याकडे आहेच, वापरा.

कुंदा_निपाणीकर
विग घालणाऱ्यांसाठी: कृत्रिम केसांचा असेल तर होमापासून, शेगडीपासून लांब राहा, वाफेने आणि आचेने केस आक्रसतात. आणि विग केस गळायच्या आधी घ्या, म्हणजे रंग जुळवता येतो. बऱ्याच औषधांत पहिल्या किमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. नसेल घालायचा तर सुती रुमाल. ते तिचं तिला ठरवू दे, "निदान हळदीकुंकवाला तरी घाल" म्हणणाऱ्या सासूबाईंना कुणीतरी आवरा.

हो, आणि फोटो स्टेटसला टाकण्याआधी विचारा.

पोटावरची_पिशवी
स्टोमा (शौच किंवा लघवी बाहेर पडायला पोटावर केलेलं छिद्र, त्यावर पिशवी चिकटवतात) असलेल्यांसाठी थोडक्यात, कारण हे लोक वासाच्या धास्तीने घराबाहेरच पडत नाहीत. पिशवी नीट चिकटलेली असेल तर वास येत नाही. आला तर कुठेतरी कड सुटली आहे असं समजा. तिसरा हिस्सा भरली की रिकामी करा, जड झाली की कड ओढली जाते. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. जास्त कापलं तर कातडी सोलवटते, मग काही चिकटतच नाही. प्रवासात भोक आधीच कापलेल्या दोन पिशव्या, ओले पुसणे, कागदी पिशवी, एक जास्तीचा कपडा. उन्हातल्या गाडीत साहित्य ठेवू नका, गोंद मऊ पडतो. कार्यक्रमाला जायचं म्हणून उपाशी राहू नका, रिकाम्या पोटी गॅस जास्त होतो. आदल्या दिवसापासून कोबी, मुळा, कांदा, अंडी, सोड्याची पेयं टाळली तरी पुष्कळ फरक पडतो. जमिनीवर मांडी घालून पंगतीला बसण्यापेक्षा खुर्ची मागून घ्या.

मुक्काम_परळ
तुम्ही सगळे घरी राहून उपचार घेणाऱ्यांबद्दल लिहिताय. जळगाव, नांदेड, गडचिरोलीहून टाटा मेमोरियलला येणारे महिनोन्‌महिने आपल्या माणसांपासूनच तुटलेले असतात. त्यांनी पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नाव नोंदवावं. राहण्याची सोय तिथून कळते: दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड. खोली मिळण्याइतकाच फायदा म्हणजे शेजार मिळतो. त्याच उपचाराच्या दोन महिने पुढे असलेलं माणूस शेजारी असेल तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

गावाकडे एकाच माणसाकडे निरोप द्या, त्याने पारावर सांगावं. मुलं गावी ठेवली असतील तर रोज त्यांच्या शाळेनंतरची एकच वेळ पाळा, चुकवू नका. डे-केअरला (दिवसभरात किमो देऊन परत पाठवतात तो विभाग) तासन्‌तास बसावं लागतं, पॉवर बँक आणि इअरफोन घेऊन या. उपचारांसाठीच्या रेल्वे प्रवासाला स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत रुग्णाचं भाडं माफ आहे, सोबत्यालाही सवलत. रेल्वेच्या नमुन्यातला डॉक्टरांचा दाखला लागतो. त्या सवलतीत दर वेळी वेगळा सोबती आणला तर गावातल्या चार जणांची भेटही होते. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, कागद जवळ ठेवा.

दूरदेशी
आधारगटांचं काय? जावं की नाही? तिथे जाऊन माणूस जास्त घाबरतो असं म्हणतात.

संध्याछाया
गटावर अवलंबून. इंडियन कॅन्सर सोसायटी (१९५१), कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन (१९६९), व्ही केअर (१९९४) या मुंबईतल्या जुन्या संस्था. यांच्याकडे बोलायला ठरलेली माणसं असतात. व्हॉट्सॲपवरच्या सुट्या गटात जाण्याआधी दोन-तीन गोष्टी बघा: कुणी नियमन करतं का, कुणी पावडरी विकतं का, तुमच्याच प्रकारचा कॅन्सर आहे का. नुकतंच निदान झालेला आणि आजार पसरलेला असे दोघे एकाच गटात असले की दोघांचीही पंचाईत. पहिला घाबरतो, दुसरा गप्प बसतो. औषधांचे डोस एकमेकांना सांगणारा गट असेल तर लगेच निघा.

निशिगंध
अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. खबऱ्याने पाठवायचा पहिला निरोप असा केलाय, सुधारा:

"नमस्कार. माईंची दुसरी किमो गुरुवारी झाली. पुढचे दोन आठवडे भेट नको, फोन सकाळी १० ते ११. त्यानंतरच्या आठवड्यात भेटायचं असेल तर मला वार कळवा, एका दिवशी दोनच जण. सर्दी-ताप असेल तर पुढच्या खेपेला या. रिपोर्ट मला विचारा, माईंना इतर काहीही विचारा. काही मदत लागल्यास सांगूच."

बोरूबहाद्दर
शेवटचं वाक्य काढा. त्या जागी तीन कामं लिहा आणि प्रत्येकापुढे नाव मागा.

वॉर्डातली_ताई
"दोन आठवडे भेट नको" फार कडक झालं. दार पूर्ण बंद केलं की लोक सवयीने यायचे थांबतात आणि तिसऱ्या आठवड्यात कुणी उगवत नाही. "पहिला आठवडा विश्रांती, दुसऱ्यात एका दिवशी एकच जण, मास्क लावून, गॅलरीत" असं करा. शेजारणीला तर रोज दारातून हाक मारू द्या.

मधुमालती
"नंबर सेव्ह करा" राहिलं. तो निरोप आधी सुटा.

निशिगंध
तिन्ही बदल केले. शेवटची शंका: रविवारी पल्स पोलिओ आहे, नात माईंजवळच राहते. डोस द्यायचा का?

वॉर्डातली_ताई
तोंडावाटे देतात ती लस जिवंत विषाणूची. काही आठवडे बाळाच्या शौचातून तो बाहेर पडतो. घरात किमो चालू आहे असं बालरोगतज्ज्ञांना सांगा, टोचायची पोलिओ लस मिळते ती जिवंत नसते. बूथवर जाण्याआधी त्यांच्याशी आणि माईंच्या डॉक्टरांशी बोला. डोस आधीच दिला गेला असेल तर घाबरून नातीला दूर पाठवू नका. लंगोट दुसऱ्याने बदलायचा आणि बदलल्यावर साबणाने हात धुवायचे.